बाबांचा आवाज नामंजूर

स्टोअरचं पत्र नेहमी आभारानं सुरू होतं. आपलं ॲप आमच्याकडे पाठवल्याबद्दल आभार, आपल्या मेहनतीची आम्हांला कदर आहे, आणि मग 'मात्र'. हा 'मात्र' मी इतक्या वेळा वाचला आहे की हल्ली कोणी माझे आभार मानायला लागलं की मी सावध होते. पत्राखाली सही नसते, 'तपासणी गट' एवढंच लिहिलेलं असतं. हा गट कुठल्या गावी बसतो, त्यात माणसं आहेत की नुसती यंत्रं, आणि माणसं असलीच तर त्यांच्यातल्या एकाला तरी मराठी कळतं का, हे विचारायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

ॲप मी माझ्या वडिलांसाठी केलं होतं. मी खराडीत एका कंपनीत हेच काम करते, दुसऱ्यांसाठी ॲप बनवते, आणि राहते वाघोलीला. आईबाबा कोथरूडला, आमच्या जुन्या सोसायटीत. बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. पाय थोडाफार परत आला. वाचा आली नाही. समज मात्र पूर्ण शाबूत. पेपर वाचतात, अग्रलेखावर भुवया चढवतात, क्रिकेट बघताना कप्तानावर नाराज होतात, आणि हे सगळं तोंडातून बाहेर काढायला त्यांच्याकडे 'अ' आणि 'ब' यांच्या मधला एक आवाज तेवढा उरला होता.

ज्यांनी बाबांना पूर्वी ऐकलं नाही त्यांना यातलं दुःख कळणार नाही. बाबा बोलण्यासाठी सोसायटीत प्रसिद्ध होते. खरं तर बदनाम होते. आवाज कधी चढवायचे नाहीत, शिवी तर दूरच. समोरच्याला 'आपण' म्हणायचे आणि सोलून काढायचे. आमच्या घरात लाडही याच भाषेत व्हायचे. आई देवळातून उशिरा आली तर 'उशीर झाला' असं बाबा म्हणायचे नाहीत. 'देवाला आज सुट्टी दिलीत का?' असं विचारायचे. आणि आई म्हणायची, 'दिली. आता तुमची हजेरी घेते.' लहानपणी माझ्या मैत्रिणींना वाटायचं की आमच्याकडे सतत भांडण चालू असतं. मला त्यांच्या घरी गेल्यावर वाटायचं की इथे कोणी कोणाशी बोलतच नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी बाबांना चित्रांचा एक तक्ता दिला. पेला, ताट, संडास, उशी. हवं त्यावर बोट ठेवायचं. बाबांनी तक्ता नीट पाहिला, उलटा केला, मागची कोरी बाजू पाहिली आणि ती जास्त बरी असल्यासारखं त्या बाजूनं टेबलावर ठेवला. पुन्हा त्याला हात लावला नाही.

मग मला त्यांचे निरोप आठवले. बाबांना फोनवर टाइप करायचा मनस्वी कंटाळा. सोसायटीच्या ग्रुपवर ते कायम बोलून निरोप पाठवायचे, आणि ते बहुतेक सगळे तक्रारीचे. मी एका रविवारी कानाला हेडफोन लावून ते सगळे ऐकले. हसले आणि रडले, एकाच वेळी. 'पाणी अजून आलेलं नाही, याची नोंद घ्यावी.' 'गाडी लावलीत, आता भोवती रांगोळीही काढा.' 'हा रस्ता आपल्या तीर्थरूपांनी बांधला का?' आईला पाठवलेलेही होते. 'चहा आज होणार आहे की ठराव मांडायचा?' 'किल्ली आपण नेलीत. आम्ही भिंतीतून आत येतो.' आणि ते नेहमीचं, 'देवाला आज सुट्टी दिलीत का?' हे सगळं कापून, साफ करून मी एका ॲपमध्ये घातलं. पडद्यावर मोठी मोठी बटणं, डाव्या हाताच्या बोटाला सहज दाबता येतील अशी. बटण दाबलं की बाबा बोलणार, स्वतःच्या आवाजात.

टॅब मी त्यांच्या मांडीवर ठेवला. काही सांगितलं नाही. त्यांनी बटणं वाचली, माझ्याकडे बघितलं, परत वाचली. मग दाबलं. 'पाणी अजून आलेलं नाही, याची नोंद घ्यावी.'

आई स्वयंपाकघरात होती. तिनं सवयीनं तिथूनच उत्तर दिलं, "घेतली नोंद. आणते." आणि पेला भरून दारापर्यंत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिथेच उभी राहिली. बाबांनी डाव्या हाताचं बोट पुन्हा बटणावर नेलं, आणि त्यांच्या चेहऱ्याच्या चालत्या बाजूवर जे हसू आलं ते मी झटक्यानंतर पहिल्यांदा बघत होते. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही.

ते ॲप स्टोअरमध्ये घालायची गरज का पडली, ते सांगते. त्या बनावटीच्या टॅबवर स्टोअरमधून न घेतलेलं ॲप आठवडाभर चालतं आणि मग आपोआप बंद पडतं. परत चालू करायचं तर मी लॅपटॉप आणि केबल घेऊन वाघोलीहून कोथरूडला जायला हवं. नगर रस्त्याची गर्दी ज्यानं सोसली आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. दुसऱ्या बनावटीचा टॅबही मी आणून पाहिला. बाबांचा हात पहिल्यावर बसला होता, दुसरा त्यांनी हातात धरला नाही.

आणि बाबा एकटे नव्हते. उपचाराच्या बाईंकडे वाचा गेलेल्या माणसांचा एक गट जमायचा. त्यात बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं दुकान चालवलेले एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांच्या बेगम प्रत्येक वेळी बरोबर यायच्या. बाबांचं ॲप त्यांनी मला पुन्हा लावायला सांगून ऐकलं. मग मला म्हणाल्या, "आमच्याकडे यांचं बोलणं थोडं आहे. दुकानातनं मुलाला पाठवलेलं. सगळं मालाचंच आहे, पण आवाज तर यांचाच ना? करून द्याल?" मी म्हटलं, "देते की." ज्याला त्याला आपल्या घरातले आवाज भरता येतील अशी सोय मी ॲपमध्ये केली, नमुना म्हणून बाबांची बटणं आत ठेवली, आणि स्टोअरकडे धाडून दिलं.

पहिला नकार आला तेव्हा मी ऑफिसात होते. आभार, कदर, मात्र. मात्र आपल्या ॲपमध्ये व्यक्तींचा, कुटुंबीयांचा आणि धार्मिक श्रद्धांचा अवमान करणारा मजकूर आढळला. सोबत पडद्याचं चित्र जोडलेलं होतं आणि त्यात दोन बटणांभोवती लाल गोल. एक, 'तीर्थरूपांनी'. दुसरं, 'देवाला आज सुट्टी'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कुठल्याशा यंत्राकडून ते इंग्रजीत करून घेतलं असणार आणि कुणीतरी ते सरळ वाचलं असणार. देवाची टिंगल! माझी आई त्या देवळात रोज जाते. आजपर्यंत तो देव या वाक्यावर रागावलेला नाही, आणि परदेशातल्या कुठल्याशा इमारतीतल्या गटाला त्याचा अपमान सहन होईना.

मी सविस्तर उत्तर लिहिलं. हे ज्यांचं बोलणं आहे ते गृहस्थ आजारी आहेत, देवाचं वाक्य त्यांच्या पत्नीला उद्देशून आहे, पत्नीला यात अवमान वाटत नाही, आमच्या शहरात माणसं असंच बोलतात. आईला विचारून लिहिलं. आई म्हणाली, "लिही, की चाळीस वर्षं अवमान चालू आहे, आता बंद झाला तर मी तक्रार करीन." तेही लिहिलं. उत्तर आलं. आभार, कदर, मात्र. अक्षरही बदललेलं नव्हतं. मी दुसऱ्या शब्दांत लिहिलं, तेच पत्र आलं. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीवर डाग तरी राहतो.

यात मला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल तर ते हे, की नाकारणं म्हणजे काय हे मी बाबांकडून शिकले होते. पिंपरीच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर मालाची तपासणी करायचे. नाकारणं हाच त्यांचा धंदा. पण एखादा भाग नापास केला की ते तो हातात घेऊन ज्या मशीनवर बनला तिथपर्यंत चालत जायचे, कामगाराच्या समोर मोजायचे, आणि कुठे किती चुकलं ते दाखवून मगच लाल खूण करायचे. कामगार वाद घालायचा. कधी कधी बाबांचंच चुकलेलं निघायचं, मग ते खूण पुसायचे. 'ज्याचं काम नाकारतो त्याला तोंड दाखवायला पाहिजे,' हे ते घरी जेवताना सांगायचे, आणि आता त्यांचाच आवाज नाकारणाऱ्याला ना तोंड होतं ना नाव.

माझ्याबरोबर काम करणारी एक तरुण मुलगी मला म्हणाली, "मॅम, तुम्ही इतकं पर्सनली का घेताय? पॉलिसी इश्यू आहे. कंटेंट काढा, रिसबमिट करा, डन." तिच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. ती शहाणपणाचंच सांगत होती. मी बाबांची बटणं काढली. ॲप रिकामं ठेवलं, ज्यानं त्यानं आपापले आवाज भरावेत.

यावर नकाराची दोन कारणं आली. पहिलं, ॲप रिकामं दिसतं, पुरेसा मजकूर नाही. म्हणजे मजकूर होता तेव्हा वाईट, काढला तेव्हा अपुरा. दुसरं कारण मी तीनदा वाचलं, कारण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. या ॲपमुळे एखाद्याचा आवाज त्याच्या संमतीशिवाय वापरला जाण्याचा धोका आहे. त्यामुळे ज्याचा आवाज भरायचा त्या व्यक्तीनं आधी स्वतःच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत, संमतीचं वाक्य बोलून दिलं पाहिजे. तशी सोय केल्याशिवाय आवाज भरण्याची सुविधा मान्य होणार नाही.

ज्याची वाचा गेली आहे त्यानं स्पष्ट शब्दांत बोलायचं, मग त्याला बोलायची परवानगी मिळणार. बाबांना जर ते वाक्य बोलता आलं असतं तर मी त्यांच्यासाठी ॲप कशाला केलं असतं? हे मी अगदी याच शब्दांत विचारलं. अंगठा चालेल का विचारलं. मान हलवलेली चालेल का विचारलं. डॉक्टरांचा दाखला पाठवला. त्यावर त्यांनी फोनवर बोलण्याची वेळ दिली. मला आशा वाटली. एका गोड आवाजाच्या बाईंनी फोन केला आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या की मला आपली अडचण पूर्णपणे समजते आहे, पण विशिष्ट प्रकरणांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. मी विचारलं, "मग आपण फोन कशावर बोलायला केलात?" त्यावर त्यांनी माझे आभार मानले.

हे सगळं चालू असताना दर आठवड्याला मी केबल घेऊन कोथरूडला जातच होते. मग कामासाठी मला बंगळूरला जावं लागलं आणि तिथला मुक्काम वाढला. मुदत संपली. दुपारी आईचा फोन आला. "अगं, ते उघडत नाहीये. हे सकाळपासून बटण दाबतायत."

"बंद पडलं असेल, आई. मी आले की करते."

"यांना काहीतरी सांगायचंय. मला कळत नाहीये. मी पाणी विचारलं, चहा विचारला, औषध, खिडकी, पंखा, सगळं विचारून झालं. मान हलवतात. आता तर माझ्याकडे बघतही नाहीत."

मी व्हिडिओ कॉल केला. बाबा खुर्चीत होते, टॅब मांडीवर, पडदा काळा. माझ्याकडे बघून त्यांनी तो 'अ' आणि 'ब'च्या मधला आवाज काढला. पुन्हा काढला. मग मान वळवली. त्यांना काय सांगायचं होतं ते आम्हांला अजूनही माहीत नाही. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी हातानंच 'जाऊ दे' केलं. कदाचित काहीच विशेष नसेल. पण त्या दिवशी बंगळूरच्या त्या काचेच्या कार्यालयात मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, आणि दुःखानं नाही, संतापानं. ॲप धडधाकट होतं, टॅब धडधाकट होता, फक्त परवानगी नव्हती.

परत आल्यावर मी हार मानली. बाबांचा आवाज नको, कोणाचाच नको, आवाज भरायची सोयही नको. बटणांवर सभ्य वाक्यं लिहिली आणि ती यंत्राच्या आवाजात घातली. तयार मिळतो तो आवाज, गुळगुळीत, कोणत्याच गावचा नसलेला. 'कृपया मला पाणी द्या.' 'मला थोडा चहा मिळेल का?' 'मला बरं वाटत नाही.' 'धन्यवाद.' पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी मंजूर. पत्रात अभिनंदन होतं. 'मात्र' नव्हता. बुधवार पेठेतल्या त्या बेगमना मी फोन करून सांगितलं की ॲप आलंय, पण त्यांचा आवाज नाही घालता येणार. त्या म्हणाल्या, "बरं. जे आहे ते घेते." इतक्या समजूतदारपणे म्हणाल्या की मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबांच्या टॅबवर मी मंजूर झालेलं ॲप घातलं आणि जुनं काढून टाकलं. त्यांना समजावून सांगितलं की हे आता कधी बंद पडणार नाही. त्यांनी मान डोलावली. तक्रार केली नाही. तक्रार करायला तसं बटणच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कोथरूडला गेले ती रिकाम्या हातानं, बऱ्याच दिवसांनी लॅपटॉपची पिशवी न घेता. उपचाराच्या बाईंचा निरोप आला होता की गटात सगळ्यांना ॲप आवडलंय. कोणीतरी स्टोअरमध्ये त्याला पाच तारेही दिले होते. मी आईला ते सांगत होते. ती पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "मला थोडा चहा मिळेल का?"

आईनं लाटणं थांबवलं. मला वाटलं ती नेहमीसारखं काहीतरी उत्तर देईल. तिनं पोळी उलटली आणि परत लाटायला घेतली. पुन्हा तोच आवाज, त्याच पट्टीत, तितकाच गोड. "मला थोडा चहा मिळेल का?"

"आई, बाबा चहा मागतायत."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "आठवडाभर ऐकतेय. कृपया काय, धन्यवाद काय." तिनं पीठ लागलेला हात पदराला पुसला, जे ती कधी करत नाही. "इतके महिने झाले, मी यांना उचललं, बसवलं, भरवलं, सगळं केलं. पण हे आजारी आहेत असं मला एकदाही वाटलं नव्हतं गं. आता वाटतं. इतकं गोड फक्त दवाखान्यात बोलतात."

बाहेर तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं. आईनं चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तव्याखालचा गॅस बंद केला, तिला म्हटलं जेवायला थांबू नका, आणि लॅपटॉप आणि केबल आणायला वाघोलीला निघाले.